अंगणात वाचलेली ओळ

“सुईकडे बघू नका, माझ्याकडे बघा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

रेवाप्पा हिप्परगी सुईकडे बघत नव्हता आणि बाईंकडेही नाही. तो स्वतःच्या पसरलेल्या बोटांकडे बघत होता. बोटं थरथरतात का, ते. गेली दहा वर्षं रोज उठल्या उठल्या तो हेच बघतो, हे सगळ्या हुलगेवाडीला ठाऊक होतं.

“बाई, जरा जास्तच काढा,” रांगेतून कुणीतरी म्हणालं. “निम्मं रक्त भिऊनच आटलंय त्याचं.”

लोक हसले. रेवाप्पाही हसला. सुई निघाल्यावर त्याने बोटं पुन्हा एकदा पसरून बघितली.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती. बाकं भिंतीला लावलेली, मधे एक टेबल, त्यावर काचेच्या नळ्या. मी फळ्याखाली चोपडी मांडीवर घेऊन बसलो होतो. या गोष्टीला पंचवीस वर्षं झाली. गावाचं नाव आणि माणसांची नावं मी बदलून सांगतो आहे. माझं तेवढं खरं आहे.

मी यल्लाप्पा हेळवी. आम्ही बैलावर बसून गावोगाव जातो आणि दारापुढे उभं राहून त्या घराचा वंश सांगतो. मूळपुरुष कुठून आला, कुणाच्या पोटी कोण, कुणाची लेक कुठे दिली. सुपातलं धान्य पदरात पडेपर्यंत बैलावरून उतरायचं नाही, असा आमचा रिवाज. लग्न ठरवताना, वाटणी करताना लोक हेळव्याला बोलावतात. वंश लिहिलेली चोपडी उघडली की भांडण मिटतं.

हिप्परगींच्या घरात एक दुखणं होतं. गावात त्याला ‘तोल’ म्हणायचे. पस्तिशी-चाळिशीत माणूस चालताना डुलायला लागायचा, दारू न पिता प्यायल्यासारखा. मग बोलणं जड व्हायचं, मग घास तोंडापर्यंत जायचा नाही. शिवरुद्रअप्पा तसाच गेला. त्याचा थोरला मुलगा गुराप्पा तेव्हा भिंतीला धरून चालत होता. धाकटा रेवाप्पा सेहेचाळीस वर्षांचा होता आणि धडधाकट होता. घरचं शेत तोच ओढत होता. त्याच्या मुलीचं, महानंदाचं, लग्न जमत आलं होतं, पण मुलाकडचे अडून बसले होते. बापाला तोल होणार असेल तर मुलगी नको. म्हणून रेवाप्पा सगळ्यांच्या आधी रांगेत उभा राहिला होता.

डॉक्टरीणबाई पुण्याच्या. परचुरे त्यांचं आडनाव. त्या मला शोधत आल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, “यल्लाप्पा, तलाठ्याकडे गावाचा नकाशा असतो ना? कुठला गट कुठे, कुणाचा बांध कुठून जातो? माणसाच्या शरीराचा तसा नकाशा करायचं काम जगभर चाललंय. या घरातला एक बांध कुठेतरी फुटलाय. कुठे, ते आम्ही शोधतोय.”

“आणि माझं काय काम?”

“कोण कुणाचं, ते कळल्याशिवाय नकाशा पुरा होत नाही. ते तुमच्याकडे आहे.”

मी सात पिढ्या तोंडपाठ सांगितल्या. बाई मोठ्या कागदावर काढत गेल्या. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. ज्याला तोल झाला त्याचा चौकोन काळा भरायचा. माझ्या तोंडून निघालेलं एवढं नीट कागदावर उतरलेलं मी कधी बघितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, “तुमच्यासारखा माणूस मला आमच्याकडे मिळाला नसता.” मी आठवडाभर ते वाक्य मनात घोळवत होतो.

रक्त घेण्याआधी बाई प्रत्येकाला एक कागद वाचून दाखवायच्या. दुखणं आहे की नाही तेवढंच सांगू, आणि तेही ज्याचं त्यालाच. मग सही किंवा अंगठा. रक्तातून आणखी काय निघू शकतं, ते त्या कागदात नव्हतं.

शिवरुद्रअप्पाची बायको काशव्वा शेवटी आली. सत्तरीची होती, पण पाठ ताठ.

“मी देणार न्हाई,” ती म्हणाली. “मी सून हाय ह्या घरची. माझ्यात तुमचं दुखणं कुठनं येणार?”

“आजी, तरी उपयोग होतो. आईचं मिळालं तर मुलांचं नीट कळतं.”

“म्हातारीचं रक्त म्हंजे पातळ ताक. किती बी घुसळा, लोणी यायचं न्हाई.” सगळे हसले, ती हसली नाही. जाताना माझ्याजवळ थांबली. “चोपडी नीट ठेवतोस न्हवं, यल्लाप्पा? तुझा बाप फडक्यात गुंडाळून ठेवायचा.”

“तशीच ठेवतो, अव्वा.”

“ठेव,” म्हणाली आणि गेली.

एक गोष्ट तेव्हा कुणालाच माहीत नव्हती. मला अक्षर येत नव्हतं. वडिलांनी थोरल्या भावाला वाचायला शिकवलं, कारण चोपडी त्याच्याकडे जायची होती. मी बैल धरायचो आणि ऐकून ऐकून पाठ करायचो. वडील गेले, पाठोपाठ भाऊ साप चावून गेला, आणि चोपडी माझ्याकडे आली. आजोबांची पानं मोडीत, वडिलांची बाळबोध लिपीत. मला दोन्ही सारखीच. मी चोपडी उघडायचो, ओळीवरून बोट फिरवायचो आणि पाठ म्हणायचो. पंधरा वर्षं हे चाललं. बायकोलाही मी सांगितलं नव्हतं.

दसरा झाल्यावर बाई परत आल्या. पहिल्यांदा रेवाप्पाला एकट्याला वर्गात बोलावलं. तो बाहेर आला तो व्हरांड्याच्या पायरीवर मटकन बसला. मला वाटलं, संपलं. तर तो रडत हसत होता.

“न्हाई म्हणत्यात, यल्लाप्पा. माझ्यात न्हाईच म्हणत्यात. पोरीत बी येणार न्हाई.” त्याने दोन्ही हात माझ्यापुढे धरले. “आता ह्यांच्याकडं बघायचं न्हाई म्हणाल्या.”

तो घरी पळाला. बाईंनी मला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. टेबलावर तोच मोठा कागद होता. रेवाप्पाच्या चौकोनावर पेन्सिलीने बारीक खूण केली होती.

“एक अडचण आहे,” त्या म्हणाल्या. “बापाकडून मुलाकडे एक खूण जाते रक्तातून. गुराप्पाची आणि त्याच्या चुलत्यांची ती एकच आहे. रेवाप्पाची वेगळी. आईकडून येणारी खूण मात्र दोघा भावांची सारखी आहे.”

“म्हंजे?”

“म्हणजे दोन शक्यता. एक, आई तीच, पण वडील वेगळे. दुसरी, आजींच्या माहेरचं, बहिणीबिहिणीचं मूल यांनी आपलं म्हणून वाढवलं. यातलं कुठलं, ते रक्त सांगत नाही. आजींनी रक्त दिलं नाही, आणि मी त्यांना विचारणार नाही. तुमच्या चोपडीत दत्तकाची काही नोंद आहे का, एवढंच बघा. आणि हे या खोलीबाहेर जाता कामा नये.”

आता इथे आमच्या धंद्यातलं सांगायला हवं. ओटीत घेतलेलं, म्हणजे दत्तक, मूल तोंडी सांगताना पोटचंच सांगायचं, आणि खरं काय ते फक्त लेखी ठेवायचं, असा आमचा कायदा. तोंडी एक, लेखी एक. दारात बैलावर बसून कुणाला परकं करायचं नाही, म्हणून. हा कायदा मला ठाऊक होता. म्हणजे माझं पाठांतर इथे काही कामाचं नव्हतं, हेही मला त्या क्षणी कळलं होतं.

मी चोपडी फडक्यातून सोडली. हिप्परगींचं पान मला खुणेने सापडायचं; कोपऱ्यावर तेलाचा डाग होता. बाई माझ्या बोटाकडे बघत होत्या. ‘मला वाचता येत नाही, तुम्हीच बघा,’ एवढं म्हणायचं होतं. त्या मोठ्या मायेने, मोठ्या मानाने बघत होत्या. मी मनाशी म्हटलं, असं काही असतं तर भावाने मला सांगितलं असतं.

बोट ओळीवरून नेलं आणि म्हणालो, “न्हाई बाई. शिवरुद्राच्या पोटी, काशव्वेच्या कुशीत, दुसरा रेवाप्पा. असं लिहिलंय. तुमचं यंत्र चुकलं असंल.”

“यंत्र चुकलेलं नाही,” त्या हळूच म्हणाल्या. मग पेन्सिलीने काहीतरी लिहिलं आणि कागद गुंडाळला. “ठीक आहे. विसरून जा.”

विसरलो असतो तरी बरं. मी व्हरांड्यातून बाहेर पडलो तर गुराप्पाची बायको चन्नव्वा हौदावर कळशी भरत होती. जीभ तिखट, पण आजारी नवऱ्याचं सगळं एकटी करायची.

“काय हेळवी, दार लावून काय चाललंवतं? डॉक्टरीण तुझ्याकडनं वंश शिकायली का?”

“शिकतीय कुठली. मलाच शिकवायली होती. म्हणती, रेवाप्पा शिवरुद्राचा न्हवं. दत्तक हाय का बघ. मी चोपडी उघडून तोंडापुढं धरली. पोटचाच हाय म्हटलं. यंत्र हरलं, चोपडी जिंकली.”

मला वाटलं होतं, ती खूश होईल. घराची बाजू घेतली मी. चन्नव्वाची कळशी भरून वाहत होती आणि ती माझ्याकडे बघत होती.

“रक्त म्हणतंय बापाचा न्हाई,” ती सावकाश म्हणाली. “चोपडी म्हणतीय आईचा हाय.”

मग मला कळलं मी काय बोललो ते. “अगं, तसं न्हवं—”

“मग कसं, यल्लाप्पा?”

तिने कळशी उचलली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिप्परगींचं बोलावणं आलं. अंगणात भाऊबंद जमले होते, शेजारचे कुंपणाला टेकून उभे होते. मुलाकडचा मामाही आला होता. रक्ताचा निकाल ऐकायला म्हणून आला, आणि दुसरंच ऐकत बसला होता. गुराप्पा खांबाला पाठ लावून होता. रेवाप्पा मधे उभा होता. कालचा माणूस तो नव्हताच. काशव्वा उंबऱ्यावर बसली होती.

“सांग की अव्वा,” रेवाप्पा म्हणत होता. “तोंडानं एकदा सांग. काय असंल ते.”

“मी काय सांगायची न्हाई.”

“मग रक्त का दिलं न्हाईस? भ्यालीस म्हणूनच न्हवं?”

“व्हय. भ्याले.”

भाऊबंदांत चुळबुळ झाली. चन्नव्वा म्हणाली, “ऐकलंत न्हवं सगळ्यांनी? आता आणि काय पायजे?”

“गप बस गं,” गुराप्पा म्हणाला. त्याची जीभ जड झाली होती, शब्द ओढत निघाले. “माझ्या आईला... बोलायचं न्हाई.”

काशव्वाने मग माझ्याकडे बघितलं. मी बैलावर होतो. ती उठली, अंगण ओलांडून बैलाजवळ आली आणि वर मान करून म्हणाली, “यल्लाप्पा, मी तोंड उघडणार न्हाई. मला उघडता येत न्हाई. तुझ्या बापानं माझ्या म्होरं बसून लिहिलंय. ते वाच. जे लिहिलंय तेच वाच. सगळ्यांना ऐकू दे.”

मी तिचा चेहरा अजून बघतो. त्यावर भीती नव्हती. ओझं उतरवायला माणूस दुसऱ्याचा हात येण्याची वाट बघतो, तशी ती बघत होती.

माझ्या हातात चोपडी होती. पान उघडलं. तेलाचा डाग होता, त्याखाली वडिलांचं अक्षर होतं, दाट, मुंग्यांच्या रांगेसारखं. ती रांग नेहमीपेक्षा लांब आहे, एका पोराच्या नावाला एवढं लिहायचं कारण नाही, हेही मला दिसत होतं. तीस-चाळीस माणसं बघत होती. काल मी डॉक्टरीणबाईंपुढे एक बोललो होतो. आज ‘मला वाचता येत नाही’ म्हटलं असतं तर या गावातून आणि पुढच्या चाळीस गावांतून माझा बैल उठला असता.

मी बोट फिरवलं आणि सुरात म्हणालो, “शिवरुद्राच्या पोटी, काशव्वेच्या कुशीत, पयला गुराप्पा, दुसरा रेवाप्पा.”

काशव्वा हलली नाही. “म्होरं?”

“म्होरं गुराप्पाची पोरं.”

“असंच लिहिलंय?”

“असंच, अव्वा.”

मग तिची नजर चोपडीवर गेली, आणि तिथून कुठे गेली कुणास ठाऊक. “बरं,” म्हणाली. “तुझ्या बापानं लिहिलंच न्हाई म्हणायचं.” हे ती इतक्या हळू म्हणाली की बैलाने आणि मीच ऐकलं.

ती आत गेली. मुलाकडचा मामा चप्पल शोधायला लागला. रेवाप्पाच्या बायकोने रिवाजाप्रमाणे सुपात जोंधळे आणले. मी पदर पुढे केला आणि घेतले.

सोयरीक मोडली. महानंदाचं लग्न पुढे दोन वर्षांनी लांब कुठेतरी झालं. बाईंना कळलं तेव्हा त्या धावत आल्या, रेवाप्पापुढे हात जोडून म्हणाल्या, “चूक माझी. मी विचारायलाच नको होतं.” मग मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, “तुम्ही नोंद नक्की वाचली होती ना?” मी हो म्हणालो. हे तिसरं खोटं.

काशव्वा शेतातल्या विहिरीवरच्या खोपीत राहायला गेली. कुणी हाकललं नाही तिला. रेवाप्पा बोलायचा बंद झाला, एवढंच. गुराप्पाचा मुलगा जेवण पोचवायचा. तिसऱ्या उन्हाळ्यात ती तिथेच गेली.

ती गेल्याचं मला जतच्या बाजारात कळलं. त्या वर्षी मी आमच्या वाडीतल्या साक्षरता वर्गात जाऊन बसलो. शिकवायला कासाराची सून होती, माझ्या मुलीपेक्षा लहान. “मामा, तुम्ही तर चोपडीवाले,” ती म्हणाली, “तुम्ही इथं कशाला?” मी म्हटलं, नवी अक्षरं शिकायचीत. तिने ओळखलं असावं. पुन्हा विचारलं नाही. मला कुणाकडूनही ते पान वाचून घेता आलं असतं. पोस्टमनकडून, मास्तरांकडून. इतकी वर्षं घेतलं नाही, कारण वाचणाऱ्याला कळलं असतं की मला येत नाही.

दोन वर्षं लागली. एका दुपारी मी गोठ्यात बसून वडिलांची ओळ लावत गेलो. एकेक शब्द जुळायला वेळ लागला.

‘काशव्वा हिने धाकटी बहीण गौरव्वा, नवरा वारलेली, हिचे बारा दिवसांचे मूल ओटीत घेतले. शिवरुद्राची संमती. नाव रेवाप्पा. तोंडी पोटचे सांगावे. काशव्वा हिने बहिणीच्या गळ्याची शपथ घेतली आहे, ती तोंडाने सांगणार नाही. तिच्यावर प्रसंग आल्यास हेळव्याने हे वाचावे.’

हेळव्याने हे वाचावे. वडिलांनी ते माझ्यासाठी लिहून ठेवलं होतं, भावासाठी म्हणा हवं तर. मी गोठ्याबाहेर येईपर्यंत संध्याकाळ झाली होती.

शपथ गौरव्वाच्या गळ्याची होती, म्हणून ती हयात आहे का, ते मी आधी शोधलं. पुढे तिने दुसरा घरोबा केला होता, तिला मुलं झाली होती. ती वर्षापूर्वी वारली होती. मग मी हुलगेवाडीला गेलो, बैल न घेता, चालत.

रेवाप्पा अंगणात दोरी वळत होता. मी चोपडी त्याच्यापुढे उघडून ठेवली आणि बोटाने ओळ दाखवली. तो सातवी शिकलेला. त्याने एकदा वाचलं, मग पुन्हा. दोरी हातातून सुटून उलगडत गेली.

“तीन वर्षं,” तो म्हणाला. “तीन वर्षं मी तिच्या हातचं पाणी घेतलं न्हाई.”

मी ओळीवरचं बोट काढून घेतलं.

“हे हितं कधीपास्नं हाय?”

“तू बारा दिवसांचा असल्यापास्नं.”

“मग त्या दिवशी तू काय वाचलंस?”

“काय न्हाई. मला वाचायला येत नव्हतं.”

तो मारेल असं मला वाटलं. मारलं असतं तर मी हात वर केला नसता. त्याने उलगडलेली दोरी गोळा करून बाजूला ठेवली. मग म्हणाला, “आता येतंय?”

“येतंय. हळू.”

“लिहायला?”

“ते बी.”

त्याने आतून पेन आणलं. “ही तुझ्या बापाची ओळ मोठ्यानं वाचायची न्हाई. अव्वानं तोंड उघडलं न्हाई, मी बी उघडणार न्हाई. हिच्या खाली तुझी ओळ लिही. तू काय केलंस ते.”

मी लिहिलं. हात जड होता, पेन कागदात रुतत होतं. तोवर त्याने चन्नव्वाला बोलावलं, भाऊबंदांना बोलावलं, शेजारच्यांना हाका मारल्या. गुराप्पाला दोघांनी उचलून आणून खाटेवर बसवलं. सगळे तेच होते, पाच वर्षांनी म्हातारे झालेले.

“वाच,” रेवाप्पा म्हणाला. “उभा राहून वाच.”

मी जमिनीवर उभा राहून वाचलं: ‘यल्लाप्पा हेळवी याला अक्षर येत नव्हते. काशव्वा अव्वाने वाच म्हटले तेव्हा त्याने न वाचता खोटे सांगितले. अव्वावर आलेला आळ खोटा आहे.’

चन्नव्वा खाली बसली आणि तिने पदर तोंडाला लावला. खाटेवरून गुराप्पा काहीतरी म्हणाला, पण त्याची जीभ आता पार गेली होती, कुणाला कळलं नाही. रेवाप्पाने त्याच्या तोंडाजवळ कान नेला, मान हलवली, आणि मला म्हणाला, “पुन्हा वाच म्हणतोय.”

मी पुन्हा वाचलं.

त्यानंतर दर तीन वर्षांनी मी हुलगेवाडीला जातो. रेवाप्पाने मला बंदी घातली नाही. ती घातली असती तर सोपं झालं असतं. हिप्परगींच्या दारात मूळपुरुषापासून वंश सांगत येतो, शिवरुद्रापाशी पोचतो, आणि बैलावरून उतरतो. सुपाची वाट बघत नाही. उभा राहून माझी ओळ वाचतो, मग पुढच्या पिढीकडे जातो. आता नव्या सुना आल्या आहेत, त्यांना काही माहीत नाही. त्या विचारतात, हे हेळवी मामा इथेच का उतरतात. रेवाप्पा त्यांना सांगतो, आधी ऐकून घ्या.